चिंचेच्या झाडावरची लिफ्ट



आमच्या शाळेच्या फाटकाशी चिंचेचं एक जुनं झाड होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून ते पाडायचं ठरलं. चौथीची मुलं म्हणाली, "बाई, त्याचा पिक्चर काढून ठेवू या ना! मुळापासून पार फांद्यांपर्यंत!"

फोन माझा. एकाने झाडाखाली उभं राहून तो हळूहळू वर वळवला. पाहतो तर काय, झाड मागे कललेलं आणि वर निमुळतं होत गेलेलं! असं का झालं, सांगा बरं? आपण जागच्या जागी मान वर केली, की जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान. खोड आहे तसं दिसायचं, तर डोळ्यानेच वर चढायला हवं. सिनेमावाले यासाठी क्रेन आणतात. आमच्याकडे होती विहिरीवरची एक जुनी कप्पी.

शाळेच्या शिपाईकाकांनी ती फांदीला पक्की बांधून दिली. (हे काम मोठ्या माणसाचंच. तुम्ही झाडावर चढायचं नाही!) एका फळीला फोन बांधला आणि ओढला दोर. फोन गरगर फिरला. त्यात भिंत आली, आभाळ आलं, माझ्या चपलाही आल्या, झाड तेवढं राहिलं. दोराला पीळ असतो ना, वजन लागलं की तो उलगडायला लागतो. मग फांदीपासून जमिनीपर्यंत दोन दोऱ्या ताणून खुंट्यांना बांधल्या आणि फळीच्या दोन भोकांतून ओवल्या. फिरणं थांबलं.

हिसके मात्र थांबेनात. हातावर हात टाकत ओढलं, की हात बदलताना दर वेळी एक धक्का बसायचा. हे बघून एकीचे आजोबा हसले. म्हणाले, "मोटेचे बैल काय हाताने ओढायचे? ते चालायचे!" खरंच की! पूर्वी विहिरीवर बैल उतारावरून संथ चालत जायचे आणि पाण्याने भरलेली मोट वर यायची. आम्ही झाडाच्या बुंध्याशी दुसरी कप्पी लावली, दोर तिच्याखालून घेतला आणि एक मुलगी तो धरून चालू लागली. पाऊल एकसारखं पडावं म्हणून बाकीच्यांनी दोनाचा पाढा म्हटला.

तरी चित्र थरथरत होतंच. फोन आणि फळी मिळून वजन ते कितीसं? जरा पाऊल अडखळलं, की ती हलकी फळी लगेच दचकायची. आता इथे गंमत आहे. आम्ही ती फळी मुद्दाम जड केली! लिटरच्या दोन बाटल्या वाळूने भरून तिला बांधल्या, सुमारे तीन किलो. जड वस्तू हलायला वेळ लावते आणि थांबायलाही. बारीकसारीक धक्क्यांना ती दाद देत नाही.

पण एवढं ओझं ओढणार कोण? म्हणून वरच्या कप्पीवरून येणाऱ्या दोराला, दुसऱ्या बाजूला, वाळूची पिशवी अडकवली. वाण्याच्या तराजूला पासंग असतो ना, तसं. दोन्ही बाजू जवळजवळ तोलल्या गेल्या. फळीकडे मूठभर वाळू जास्त ठेवली, म्हणजे ती आपली आपण खाली येते. ओढायचा दोर आता त्या पिशवीच्या बुडाला. पहिलीतलं पोरही सहज ओढेल इतकं ते हलकं झालं.

मोठ्या इमारतीतली लिफ्टही अशीच असते. लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्या जोडीचं वजन खाली येतं. १९२४ साली मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने 'द लास्ट लाफ' हा मूकपट काढला. त्याच्या सुरुवातीलाच कॅमेरा हॉटेलच्या लिफ्टमधून खाली उतरतो आणि पुढे निघतो तो चक्क सायकलवरून! बघा, क्रेनवाचूनही जमतं.

तुम्ही करणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोनला आणखी एक वेगळी दोरी बांधा, आणि फळी वर असताना खाली कुणी उभं राहायचं नाही.

झाड मे महिन्यात गेलं. आमचा पिक्चर अवघा चाळीस सेकंदांचा आहे. त्यात खोडावर काळ्या मुंगळ्यांची एक रांग दिसते, तीही कॅमेऱ्याबरोबर वर चढते आहे. शूटिंगच्या वेळी ती आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती.

तुमच्या बाई