मुलांचे वजन आणि शाळेच्या फाटकाबाहेरचे पन्नास मीटर



शाळकरी मुलांच्या वाढत्या वजनाची चर्चा बहुतेक वेळा आईच्या डब्यापासून सुरू होते आणि मुलाच्या आळशीपणापाशी येऊन थांबते. वास्तविक मधल्या सुट्टीत हाताशी काय मिळेल आणि संध्याकाळी मैदानावर जायचे की शिकवणीला, हे ज्याच्या हाती नसते, त्या मुलाकडेच स्थूलतेचा जाब मागणे अन्यायाचे आहे.

हा प्रश्न केवळ सुखवस्तू घरांचा आहे, ही समजूतही तपासून पाहावी लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांमध्ये अतिवजनाचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन प्रमाणित मर्यादेपलीकडे असण्याचे प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होते आणि 2019-21 मध्ये ते 4.1 टक्क्यांवर गेले. शाळेची पायरी चढण्यापूर्वीच हा बदल सुरू झालेला असतो, आणि घरोघरी ‘गुटगुटीत’ या शब्दाने त्याचे कौतुक होत राहते. त्यात भर म्हणजे आपल्याकडे वजनाचा काटा पुरेसे सांगत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती आणि उणीव होती ती स्नायूंची. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 च्या वाढ-तक्त्यांत शरीर-वस्तुमान निर्देशांकाच्या, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याच्या, मर्यादा प्रौढांच्या 25 व 30 ऐवजी 23 व 27 शी जुळवल्या, त्या आशियाई शरीराची ही ठेवण ओळखूनच.

नियमांची उणीव नाही. राज्य शासनाने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेये यांसारखे पदार्थ हटवण्याचा आदेश काढला. 2020 च्या केंद्रीय नियमावलीने अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या 50 मीटरांत निषिद्ध ठरवली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले. तरीही फाटकासमोर रंगीत पुड्यांच्या माळा लटकतात, आणि परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताकडे वळवला जातो. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल हवी असे सांगते; ती बाकावर बसून होत नाही.

म्हणून शिक्षण विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी प्रत्येक शाळेभोवतीचे 50 मीटर प्रत्यक्ष मोजून घ्यावेत, तेथील विक्रेत्यांना हुसकावून न लावता शेंगदाणे, फुटाणे, फळे विकण्यास साहाय्य करावे, खेळाचा तास अन्य विषयाला देण्यास मनाई करावी, आणि वर्षातून दोनदा घेतलेली उंची-वजनाची नोंद वर्गासमोर वाचून न दाखवता बंद पाकिटातून पालकांच्या हाती द्यावी.

— एक वाचक