पारिभाषिक संज्ञांचे इंग्रजीकरण : ‘प्रयोग’ या संज्ञेच्या निमित्ताने

मराठी व्याकरणविषयक संशोधन इंग्रजीतून मांडताना ‘प्रयोग’ या संज्ञेसाठी ‘व्हॉइस’ आणि ‘कर्मणी’साठी ‘पॅसिव्ह’ हे प्रतिशब्द योजण्याची प्रथा आढळते. ती सोयीची असली तरी शास्त्रदृष्ट्या त्याज्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बिडकीन परिसरात कोणाच्याही तोंडी येणारे वाक्य पाहा : ‘शेतकऱ्याने कापूस वेचला.’ कापसाऐवजी ‘बोंडे’ आली की ‘वेचली’ होते. क्रियापद कर्माला अनुसरते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. त्याला ‘पॅसिव्ह’ म्हणताच इंग्रजी वाचक कर्ता गौण झाला असे समजतो. वस्तुतः ते कार्य मराठीत ‘कापूस वेचला गेला’ ही निराळी रचना करते. ‘शेतकऱ्याने बैलांना सोडले’ या भावे प्रयोगात क्रियापद कर्ता वा कर्म कोणालाच अनुसरत नाही, तर ‘तू कापूस वेचलास’ या संकर प्रयोगात ते दोघांनाही अनुसरते. तात्पर्य, ‘प्रयोग’ ही संज्ञा अन्वयाची आहे. ‘व्हॉइस’ ही नव्हे.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. जपानी व्याकरणातील ‘केइयोदोशी’ या शब्दजातीच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘विशेषण-क्रियापद’ असा होतो. इंग्रजीत मात्र तिला कोणी ‘ॲडजेक्टिव्हल नाउन’, कोणी ‘नॉमिनल ॲडजेक्टिव्ह’, तर कोणी ‘ना-ॲडजेक्टिव्ह’ म्हणतो. एकाच्या लेखी ती नामाचा प्रकार ठरते, दुसऱ्याच्या लेखी विशेषणाचा. भाषांतराच्या नावाखाली येथे वर्गीकरणच बदलते.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ मधील व्याकरणापासून आपले व्याकरणलेखन संस्कृत परिभाषा आणि इंग्रजी व्याकरणाचा आराखडा यांच्या ताणातून घडले. मो. के. दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगविचाराची सविस्तर चिकित्सा केली. इंग्रजीत लिहिताना ती सारी चर्चा एका प्रतिशब्दाने पुसली जावी, हे इष्ट नाही.

मूळ संज्ञा ठेवल्यास परभाषक वाचक अडखळेल, हा आक्षेप रास्त आहे; परंतु पहिल्या उल्लेखाबरोबर व्याख्या आणि उदाहरण दिल्यास तो दूर होतो. ‘संधी’ आणि ‘बहुव्रीही’ या संज्ञा इंग्रजी भाषाविज्ञानाने मूळ रूपातच स्वीकारल्या आहेत. अर्थात सरसकट लिप्यंतराचा आग्रह नको. ‘सामान्यरूपा’साठी ‘ऑब्लिक’ चालते, कारण तेथे वस्तुस्थिती बदलत नाही. जेथे प्रतिशब्द परका सिद्धांत सोबत आणतो, तेथे मात्र आपली संज्ञाच ठेवावी. संशोधक विद्यार्थ्यांना हा विवेक शिकविणे हे मार्गदर्शकांचे कर्तव्य आहे.