दुसरा सबवूफर : लाभ आणि भार

अकोल्याहून वाशीमकडे जातांना मेडशी लागतें. अशा लांबच्या वाटांवर मोटारींत गाणें हवेंच. पण घरांतील चिरंजीव दुसरा सबवूफर मागूं लागले, तर वडीलधाऱ्यांनीं रागावण्यापेक्षां हिशेब मांडावा, असें आम्हांस वाटतें.

सारखेच दोन सबवूफर एकतालानें हालले आणि प्रत्येकास पहिल्याइतकीच शक्ति मिळाली, तर खर्ज फार तर ६ डेसिबलनें चढतो. तीच शक्ति दोघांत वांटली, तर वाढ सुमारें ३ डेसिबलच. नाद दुप्पट भासण्यास मात्र सुमारें १० डेसिबल लागतात! एकाच्या तारा उलट जोडल्यास खर्ज उलट घटतो. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडल्यास भार २ ओहमचा होतो. तो न सोसणारा ॲम्प्लिफायर तापून बिघडतो.

कानांचा हिशेब याहून कठोर आहे. ८५ डेसिबलचा नाद दिवसांत ८ तासांपर्यंतच ऐकावा, आणि पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेंतील नायॉश या संस्थेची शिफारस आहे. अंतःकर्णांतील नादग्राही पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत.

म्हणून आधीं आहे त्याच सबवूफरची पेटी व जोडणी तपासून घ्यावी. मागच्या आसनावर नातवंडें बसतात, हें विसरूं नये.