पाच रुपयांचा कायदा

आज एकतीस डिसेंबर. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आज दारूची दुकाने मध्यरात्रीनंतर एकपर्यंत आणि परमिट रूम पहाटे पाचपर्यंत चालू ठेवण्याची मुभा मिळते. आणि आजच दुकानांच्या गल्ल्यावर एक पावती पुस्तक दिसते. विदेशी मद्य पिण्याचा एक दिवसाचा परवाना, किंमत पाच रुपये. देशीसाठी दोन रुपये. ज्यांना ही रोजची उठाठेव नको त्यांनी शंभर रुपये भरून वर्षाचा किंवा हजार रुपये भरून आयुष्यभराचा परवाना घ्यावा. आजच्या रात्री या राज्यात लाखो लोक ग्लास उचलतील. त्यातल्या किती जणांच्या खिशात हा कागद असेल, याचा अंदाज वाचकांनी आपल्या मित्रमंडळींवरून करावा.

ज्यांच्या खिशात तो नसेल ते सगळे आज रात्री गुन्हा करणार आहेत. रस्त्यावर धिंगाणा घातला म्हणून नव्हे, घरच्या सोफ्यावर बसून, शेजाऱ्याला पत्ताही लागू न देता पिणारेसुद्धा. कारण महाराष्ट्रात दारू पिण्याला मुभा नाही, बंदी आहे, आणि त्या बंदीतून परवान्यापुरती सूट आहे. कायद्याचे नावच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. परवान्याशिवाय दारू विकत घेणे, जवळ बाळगणे, पिणे या तिन्ही गोष्टी त्यात तुरुंगापर्यंत नेऊ शकतात. आणि परवाना असला तरी महिन्याला बारा युनिटांची मर्यादा आहे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय एकवीस, बाकी साऱ्यासाठी पंचवीस. म्हणजे मत द्यायला अठरा पुरेत. पण व्हिस्कीसाठी जे वय लागते त्याच वयात माणूस आमदारकीला उभा राहू शकतो.

हा विनोद एका दिवसात घडलेला नाही. दारूच्या दुकानांना विरोध ही महाराष्ट्राची जुनी आणि अभिमानाची परंपरा आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांनी पुण्यातल्या दुकानांपुढे निरोधनाची चळवळ चालवली. इंग्रजांना आबकारीचे उत्पन्न हवे होते, इतके की आदिवासींच्या घरच्या मोहाच्या दारूवर जरब बसावी म्हणून १८९२ मध्ये मोहफुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. त्यामुळे स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूबंदी ही निव्वळ नीतीची गोष्ट नव्हती, सरकारच्या तिजोरीवरचा तो घाव होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी तिला पक्के रूप दिले आणि १६ जून १९४९ पासून मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने पुढे त्याला मार्गदर्शक तत्त्वाचा आधारही दिला.

पुढे काय झाले ते मुंबईने पाहिले. दुकाने गेली, चोरट्या दारूचे ‘आंटी’चे अड्डे आले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांपुरती कायद्याची काही कलमे रद्द ठरवली, पण बाकी डोलारा कायम ठेवला. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारला बंदी चालत नाही हे कळून चुकले. त्या वेळी प्रामाणिक मार्ग एकच होता: जुना कायदा रद्द करून विक्रीचा नवा कायदा लिहायचा. तसे झाले नाही. गांधींच्या नावाने उभारलेली भिंत पाडण्याचे धैर्य कोणात नव्हते, म्हणून भिंत तशीच ठेवून तिला खिडक्या पाडण्यात आल्या. एक खिडकी परवान्याची, एक परमिट रूमची, १९७३ च्या नियमांनी देशीची, नंतर बिअर शॉपीची. आज भिंतीपेक्षा खिडक्या जास्त आहेत, तरी पाटी दारूबंदीचीच आहे.

याचा कळस पाहायचा तर सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकावर जावे. या स्थानकाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते. एका बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बाकड्याच्या दोन्ही टोकांना दारूसाठी जो कायदा आहे त्याचे मूळ एकच, १९४९ चा. १९६० मध्ये मुंबई राज्य दुभंगले तेव्हा तो दोघांच्या वाट्याला आला. दोन्ही सरकारांनी मागाहून नावातले ‘मुंबई’ बदलून आपापल्या राज्याचे नाव घातले. त्याच मूळ कायद्यावर गुजरात कोरडा राहिला आणि महाराष्ट्र ओला झाला. (गुजरातनेही २०२३ च्या अखेरीस गिफ्ट सिटीपुरती खिडकी उघडली, हा भाग वेगळा.) एकाच कायद्यातून दोन उलट अर्थ निघत असतील तर राज्य कायद्याचे नाही, नियमावलीचे आणि अधिसूचनेचे आहे. सामान्य माणूस कायदा एक वेळ वाचेल; अधिसूचना तो कुठे शोधणार?

राज्याच्या आतही तेच. वर्धा जिल्हा गांधींच्या सेवाग्रामसाठी सत्तरच्या दशकापासून कोरडा. गडचिरोली १९९३ पासून कोरडा. या दोहोंना लागून असलेला चंद्रपूर जिल्हा १ एप्रिल २०१५ ला कोरडा झाला आणि मे २०२१ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने पुन्हा ओला. सहा वर्षे चंद्रपूर-गडचिरोलीमधल्या वैनगंगेच्या दोन्ही काठांवर बंदी होती. आज पूल ओलांडला की कायदा बदलतो. दक्षिणेला गेले तर पलीकडे तेलंगणची दुकाने आहेतच. तळकोकणात उलटी गंमत. गोव्यात एकवीस वर्षांच्या माणसाला उघडपणे मिळणारी बाटली बांद्याची हद्द ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल होते, कारण तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी एक बाटली सापडली तरी कारवाई होईल आणि सराईतांना मोक्का लावू, असे जाहीर केले होते. संघटित गुन्हेगारीसाठी केलेला कायदा आणि सुट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबाची डिकी यांचा उल्लेख एकाच घोषणेत येतो, तेव्हा गोंधळ कुठवर गेला आहे ते कळते.

ड्राय डेचेही असेच. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती हे सर्वांना पाठ आहेत. त्याखेरीज आषाढी, अनंत चतुर्दशी, मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास, मतमोजणीचा दिवस, शिवाय दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली जिल्हाधिकारी ज्या दिवसासाठी आदेश काढतील तो. २०२५ च्या गणेशोत्सवात पुण्यातल्या काही मध्यवर्ती पोलीस ठाण्यांच्या हद्दीत दहाही दिवस दुकाने बंद होती, उरलेल्या शहरात मोजकेच दिवस. २०२४ च्या लोकसभा मतमोजणीच्या दिवशी मुंबईत बंदी कधीपर्यंत, हे ठरवायला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. निकाल जाहीर होईपर्यंतच, असे न्यायालयाने सांगितले. सभ्य समाजात काही दिवस दुकान बंद असणे मुळीच वावगे नाही. पण ते दिवस वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर छापून प्रत्येक दुकानाच्या दारावर लावता येत नाहीत का?

न्यायालयांनीही गुंता वाढवला. महामार्गावरील अपघात रोखण्यासाठी १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकाने बंद करण्याचा आदेश दिला. हेतू उत्तम होता. मग छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर झाले, पुढे महापालिका-नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या, त्यापुढे ग्रामपंचायतींबाबतही राज्यांना मोकळीक मिळाली. शेवटी उरले काय? पिऊन गाडी चालवणारा तोच, रस्ता तोच, फक्त दुकान कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे याची मोजणी नवी.

या साऱ्यात ज्या एका तरतुदीकडे आम्ही आदराने पाहतो तिचीही अवस्था पाहा. गावातल्या बायांनी दारूचे दुकान बंद पाडायचे ठरवले तर २००८ च्या आदेशाने त्यांना मतदानाचा हक्क दिला. पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चिन्हे, उभी बाटली आणि आडवी बाटली. किती गावांत बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या, दुकानदाराच्या माणसांच्या दमदाटीला पुरून उरल्या आणि बाटली आडवी करून घरी गेल्या. महाराष्ट्राच्या लोकशाहीतले हे सुंदर दृश्य आहे. पण विजयाची अट पाहा. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, यादीतून नाव न काढलेली मृत आजी, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार निवडून यायला प्रतिस्पर्ध्याहून एक मत जास्त पुरते. त्याच यादीवर दारूचे दुकान मात्र निम्म्या नोंदणीच्या बळावर तग धरते. आणि एवढे करून दुकान हटले, तरी शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतला ढाबा त्या मतदानाला बांधील नसतो.

आम्ही दारूच्या बाजूने लिहीत नाही. गडचिरोलीच्या बंदीमागे लोकांची चळवळ होती, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारख्यांचे दीर्घ काम होते आणि २०१६ पासून मुक्तिपथसारखा कार्यक्रम तिच्या अंमलाच्या मागे आहे. लोकांनी मागितलेली बंदी आणि कोणीच न मागितलेला परवाना यांत फरक आहे. पहिलीत एक जिल्हा आपले बरेवाईट ठरवतो. दुसऱ्यात सरकार सगळ्यांना आधी गुन्हेगार ठरवते आणि मग पाच रुपयांत त्यांची सुटका करते.

हा गोंधळ टिकतो, कारण तो सोयीचा आहे. जो कायदा सगळेच मोडतात तो कोणावर वापरायचा हे वापरणारा ठरवतो. बड्या सोसायटीच्या गच्चीवरच्या पार्टीत परवाना विचारला जात नाही. नाक्यावर दुचाकी थांबवलेल्या पोराला तो विचारला जातो. मग पावतीच्या पलीकडची भाषा सुरू होते. हप्त्याचे अर्थशास्त्र संदिग्धतेवर चालते, हे वेगळे सांगायला नको.

तिजोरीचीही सोय आहेच. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणजे कर लावण्याचा राज्यांच्या हाती उरलेला हा एक मोठा मोकळा मार्ग. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा वर्ग काढला आणि चौदा हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरली. दारूबंदी कायद्याच्या राज्यात दारूकडूनच ही अपेक्षा! त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. धड आणला नाही, धड मागेही घेतला नाही.

आणि जिथे कायद्याने खरोखर आडवे यायला हवे तिथे तो दिसत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तिथे परवान्याचा प्रश्नच नव्हता, मिथेनॉल झोपडपट्टीत पोहोचले कसे हा प्रश्न होता. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण जिवांना चिरडले. चालक सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला पबमध्ये मद्य दिले गेल्याचा आरोप आहे. पंचविशीची अट, परवान्याची अट, पबच्या परवान्याच्या अटी हे सारे त्या रात्री पुस्तकात होते. अपघातानंतर पबना सील लागले. आधी कोणी वय विचारले असते तर?

याउलट मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ पाहा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर गाडी चालवणे गुन्हा. देशभर एकच आकडा. दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ मध्ये दुसराच मापदंड, ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम. तेवढे आढळले की मद्य कायदेशीर रीतीने घेतले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पहिला नियम शाळकरी पोरालाही समजतो आणि त्याने जीव वाचतात. दुसरा समजून घ्यायला वकील लागतो आणि त्याने कोणाचा जीव वाचल्याचे ऐकिवात नाही.

आता अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर आहे. सरकारने त्यात पिणाऱ्याच्या परवान्याची कलमे काढून टाकणारे विधेयक आणावे. वयाची एकच अट ठेवावी आणि ती विक्रेत्यावर बांधावी: अल्पवयीनाला मद्य दिले तर परवाना कायमचा रद्द. आडव्या बाटलीची मोजणी झालेल्या मतांवर करावी. कोरड्या दिवसांची राज्यभराची यादी १ जानेवारीला राजपत्रात छापावी आणि नंतर तिला हात लावू नये. जिल्ह्याला बंदी हवी असेल तर ती तिथल्या लोकांच्या मताने यावी आणि लोकांच्या मतानेच जावी, मंत्रिमंडळाच्या बैठकीत नव्हे. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. पाच रुपयांच्या पावत्यांचे उत्पन्न तेवढे बुडेल.