जाहीर आवाहन : जुन्या हिंगोलीची घरं जिवंत माणसांच्या नावावर करा

रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, सदर बाजार आणि पेठेतल्या तमाम रहिवाशांना, तसेच इथून उठून नव्या नगरांत, नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला गेलेल्या त्यांच्या भावाबहिणींना,

परवाच्या वळवाच्या पावसात आपल्या गल्लीतल्या कुलूपबंद वाड्याची भिंत रस्त्यावर आली. पांढऱ्या मातीचा ढीग, त्यात दगड आणि एक अख्खी सागवानी तुळई. शिकवणीला जाणारी पोरं रोज याच भिंतीला खेटून जातात. रविवार होता म्हणून वाचली. वारसदारांना फोन लावले. एक म्हणाला, माझा हिस्सा मागच्या बाजूचा आहे. दुसरा म्हणाला, आधी वाटणी होऊ द्या. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. मालमत्ता पत्रकावर मात्र आजही त्यांच्या आजोबांचं नाव आहे, आणि आजोबांना जाऊन तीस वर्षं उलटली. ढिगारा शेवटी आपल्या मोहल्ला समितीच्या पोरांनी घमेल्यांनी उचलला.

ही एका वाड्याची गोष्ट असती तर हे पत्रक काढलं नसतं. आपल्या भागात फिरून बघा. ज्या घराला कुलूप आहे, ज्याच्या देवळीत पिंपळ उगवलाय, ज्याच्या माळवदावर गवत माजलंय, त्या घराचा कागद काढा. बहुतेक ठिकाणी नाव मयत माणसाचं निघेल. जुनी हिंगोली पावसाने पडत नाही, ती या कागदांमुळे पडते आहे. हे एवढं एक जरी पटलं तरी बाकीचं काम निम्मं झालं.

2011 च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या 85,103 होती. त्यानंतर शहर चारी बाजूंनी आणखी पसरलं. 1 मे 1999 ला जिल्हा झाला, तेव्हापासून प्लॉटिंगला तर धरबंधच राहिला नाही. पण हिंगोली म्हणजे मुळात कोण? रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना म्हणजे तोफदळ, पलटण म्हणजे पायदळ. निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी इथे होती. 1903 साली ती फौज मोडली, नावं मात्र आपल्या दारावरच्या पत्त्यांत राहिली. 1855 पासूनचा आपला दसरा खाकीबाबा मठाच्या परंपरेतून उभा राहिला. त्या दसऱ्याला लांबलांबून माणसं येतात, आपण छाती पुढे काढून त्यांना मैदान दाखवतो. तिथून चालत येण्याच्या अंतरावरची आपली गल्ली त्यांना दाखवायची हिंमत आपल्यात आहे का?

आता भूकंपाचं. 21 मार्च 2024 च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी 4.5 रिश्टरचा धक्का बसला, अकरा मिनिटांत दुसरा. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5. केंद्र आपल्याच जिल्ह्यात. पांगरा शिंदेची माणसं तर कित्येक वर्षं जमिनीखालचे आवाज ऐकत आहेत. आपण चार दिवस चर्चा केली आणि विसरलो. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जवळपास आठ हजार माणसं गेली, ती कशाखाली गेली? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर दरवर्षी थर चढवलेलं माळवद. आपल्या पेठेतलं घर यापेक्षा वेगळं आहे का? किल्लारीनंतर मराठवाड्यात गावं हलवली गेली तशी हजारो जुनी घरं जागच्या जागी मजबूतही केली गेली. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड, दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींतून फिरणारा पट्टा, माळवदावरची माती कमी करणं. ही विद्या आपल्याच मुलखातली आहे. म्हणून "जुनं आहे ना, पाडून टाका" म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत बसणार नाही. जे खरोखर मोडकळीला आलं ते उतरवावंच लागेल, जे उभं राहू शकतं ते उभं ठेवायचं.

पैशाचं रडगाणं आता पुरे. प्रधानमंत्री आवास योजना शहरीचा दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून चालू आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आणि देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नाही, अशा कुटुंबाला स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. पण जागा स्वतःची असल्याचा कागद लागतो. कराची पावती दाखवून भागत नाही. आपल्याकडे गळक्या माळवदाखाली राहणारा धाकटा भाऊ योजनेत पूर्ण बसतो आणि अर्ज मात्र अडकतो, कारण नव्या नगरात स्लॅबचं घर बांधून बसलेला थोरला सही देत नाही. ज्या घरात तो स्वतः दहा वर्षांत मुक्कामाला आलेला नाही, त्या घरासाठी तो सख्ख्या भावाला अडीच लाखांपासून दूर ठेवतो. याला काय म्हणायचं ते आपापल्या मनाला विचारा.

"कोर्टात दावा चालू आहे, वारस कशी लावणार?" असं विचारतात. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. ती झाली म्हणून कोणाचा हिस्सा वाढत नाही की कमी होत नाही, मयताच्या जागी हक्कदारांची नावं येतात एवढंच. "गल्लीत चारचाकी येत नाही" हे दुसरं कारण. अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या आपल्या गल्ल्यांपेक्षा रुंद नाहीत, आणि 2017 साली ते जुनं शहर जागतिक वारशात गेलं. तिसरं कारण, "आधी नगर परिषदेने करावं." रस्ता, नाली, दिवे तिने केलेच पाहिजेत. रस्त्याचा जुना थर न उकरता वर नवा थर ओतण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा. ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकी एक उरली आहे आणि पावसाचं पाणी सरळ ओसरीत येतं. जवळपास चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा विचारायला माणूस नव्हता. 2 डिसेंबर 2025 ला आपण मतदान केलं. आता आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गल्लीत उभं करून पायऱ्या मोजायला लावा. पण आपल्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला नगरसेवक शोधून आणणार नाही.

मृगाला दिवस थोडे आहेत. कामाला लागा.

आधी मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा, ऑनलाइनही मिळतो. नाव मयताचं असेल तर मृत्यू दाखला, वंशावळ आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून भूमी अभिलेख कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. बहिणींची नावं गाळून अर्ज कराल तर समिती मदत करणार नाही, हे हिंदू-मुसलमान सगळ्यांना सारखंच सांगतो. प्रत्येकीचा तिच्या कायद्याने जो हिस्सा आहे तो आहेच. ज्यांना घर नको त्यांनी राहत्या भावाच्या किंवा बहिणीच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, जवळच्या नात्यातल्या वडिलोपार्जित मिळकतीला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. बाहेरगावी असाल तर एक दिवसाची रजा काढा.

घराचं : माळवदावरची जादा माती उतरवा, पण गवंड्याला आणि अभियंत्याला दाखवून, सगळीकडून सारखी, एका बाजूने नाही. पत्र्यावर ठेवलेले दगड आजच काढा, पत्रे हुकांनी बांधा. पन्हाळी मोकळ्या करा. भिंतीतला पिंपळ वरवर छाटू नका, मुळासकट काढून जागा चुन्याने भरा. फुगलेली भिंत दिसली तर मालकाची वाट न पाहता समितीला सांगा, आम्ही फोटोसह लेखी तक्रार देऊ. धोकादायक बांधकामावर नोटीस काढण्याचा अधिकार 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आहे, तो वापरायला आपणच लावायचं.

कुलूपबंद घरांच्या मालकांना वेगळं सांगतो. दुरुस्त करा, भाड्याने द्या किंवा विका, पण त्यात कोणीतरी राहू द्या. जागेचा भाव वाढेल म्हणून भिंती पडायची वाट बघत असाल, तर त्या पडणार आमच्या पोरांच्या अंगावर आहेत. 2027 च्या जनगणनेत तुमचं घर रिकामं म्हणून लिहिलं जावं असं वाटतं का?

आपल्या समितीकडे पद नाही, निधी नाही. पण भिंत पडली तेव्हा पहिलं घमेलं समितीचं होतं. ज्यांनी आजवर वारस लावून घेतली त्यांच्या फायली समितीच्याच कार्यकर्त्यांनी हातात धरून नेल्या, कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. अर्ज लिहून देणारी पोरं तयार आहेत, एक निवृत्त मोजणीदार काका मोफत बसणार आहेत.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, पडलेल्या भिंतीसमोरच बैठक आहे. येताना मालमत्ता पत्रकाचा उतारा, घरातल्या मयतांचे दाखले आणि सगळ्या भावाबहिणींचे फोन नंबर आणा. ज्यांच्या घरावर जुनंच नाव आहे त्यांनी गैरहजर राहू नये.

आपली,
मोहल्ला समिती, जुनी हिंगोली