गल्ल्यावरची पाळत

औषधाच्या दुकानात मधुमेहाच्या गोळ्या घ्यावयास गेलेल्या माणसाला गल्ल्यावर प्रथम मोबाईल क्रमांक विचारला जातो. तो दिला की त्या माणसाचा आजार मालकाच्या दप्तरी जमा होतो.

‘वाणीही वही ठेवीतच होता,’ असे व्यापाराचे कैवारी म्हणतील. ठेवीत होता, आणि त्या वहीने कित्येकांना नागवलेही. परंतु ती उधारीची वही होती व तीत आपले नाव आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. आज रोख पैसे मोजणाऱ्याचेही खाते उघडते, आणि ते त्याला कधीच दाखविले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने क्रमांकाचा हट्ट धरू नका, असे विक्रेत्यांना सांगितले. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त व बिनशर्त असावी, असे म्हटले. तरीही गल्ल्यावरचा प्रश्न थांबलेला नाही. कारण या माहितीतच नफा आहे.

सवलत देतो म्हणून संमती मिळाली, हा युक्तिवाद लबाडीचा आहे. गरजवंताचा होकार म्हणजे संमती नव्हे. मजुरीच्या करारांत कामगार चळवळीने हे केव्हाच ओळखले आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी क्रमांक नाकारावा, इतरांनाही नाकारावयास शिकवावे. मात्र गल्ल्यावरच्या नोकराशी भांडू नये. तोही हुकमाचा ताबेदार आहे. जाब विचारायचा तो मालकाला.