पाकिटाची आतली बाजू

१/ तिकीट कापून घ्यायचे आणि पाकीट केरात टाकायचे, याला आपल्याकडे ‘संग्रह’ म्हणतात. वस्तुतः ही पुराव्याची नासधूस आहे.

२/ बँकेच्या पाकिटाच्या आत निळसर-करड्या रेघा, लाटा किंवा जाळी छापलेली असते. पाकीट उजेडासमोर धरले, तरी नक्षी व मजकूर एकमेकांत मिसळून काही वाचता येऊ नये, हा तिचा हेतू.

३/ उजेडाचे हे भय जुने आहे. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. आत किती कागद आहेत हे पाहण्यासाठी कारकून पत्र दिव्यासमोर धरीत. पुढे आकारणी वजनावर आली, पण डोकावणे थांबले नाही. सावरकरांनी ज्याचे चरित्र मराठीत आणले, त्या मॅझिनीची पत्रे सरकारी हुकमाने फोडली जात असल्याचे १८४४ मध्ये उघड झाले आणि ब्रिटिश संसदेत गदारोळ माजला.

४/ ‘फोडणाऱ्यापुढे नक्षी काय करणार?’ काहीच नाही. ती वाटेतल्या चोरट्या नजरेसाठी आहे. सामान्य माणसाच्या खासगीपणाची इतकी स्वस्त छापील खूण दुसरी कोणती?

५/ तिकिटावर राज्यसंस्था आपला गौरव छापते; पाकिटाच्या आत समाजाचा अविश्वास छापलेला असतो. इतिहासाला दोन्ही हवेत.

६/ म्हणून पाकीट अखंड ठेवा. पाठवणारी संस्था, शिक्क्यावरील तारीख, नक्षीचा रंग व प्रकार वहीत नोंदवा. खात्यांची विवरणपत्रे आता ईमेलने येऊ लागली आहेत. टाकून दिलेले पाकीट पुन्हा मिळेलच, या भरवशावर राहू नका.